टँगोत ताल धरतं कोण?

गेल्या महिन्यात टँगोच्या नाचावर लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं संगीताबद्दलची आहेत. त्यातही विषय एकच: ब्युनोस आयर्सच्या जुन्या ढंगानं, नाचणाऱ्यांसाठी वाजवणारे आजचे वाद्यवृंद. काही पत्रं खवचट आहेत, तीच आधी घेते. दोन शब्द मात्र सुरुवातीलाच सांगून ठेवते, म्हणजे पुढे अडायला नको. टँगो नाचायला लोक जमतात त्या कार्यक्रमाला मिलोंगा म्हणतात. आणि बँडोनिऑन (पेटीसारखं भात्याचं, मांडीवर घेऊन वाजवायचं वाद्य), व्हायोलिन, पियानो, डबल बास असा टँगोचा जो भरगच्च संच असतो तो ओर्केस्ता तिपिका, थोडक्यात तिपिका.

प्रश्न : इंटरनेटवर ब्युनोस आयर्समधल्या तरुण मुलांचा एक वाद्यवृंद ऐकला. डोळे मिटले तर १९३८ सालची रेकॉर्ड लावली आहे असं वाटावं. मूळ रेकॉर्ड सहज मिळत असताना ही नक्कल कशासाठी? नव्या पिढीकडे स्वतःचं काही नाही, असाच याचा अर्थ ना?

रेकॉर्ड हेच मूळ, असं तुम्ही धरून चालला आहात. माझी हरकत तिथेच आहे. साधारण १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ. हुआन दारिएन्सो, कार्लोस दि सार्ली, आनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे ही वाद्यवृंदप्रमुख मंडळी तेव्हा स्टुडिओत जाऊन तबकड्या काढायची आणि रात्री पुन्हा नाचाच्या मंचावर हजर व्हायची. कॅबरे होते, रेडिओ होता, शनिवार-रविवारी क्रीडा क्लबांमधले नाच होते. कार्निवलमध्ये तर हजारोंची गर्दी. जाहिरातीत 'तिपिका आणि जॅझ' असं लिहिलेलं असायचं, म्हणजे एक टँगोचा संच आणि एक जॅझचा, आलटून पालटून. त्या सगळ्यातलं जे काही ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर मावलं तेवढं आपल्या हाती आलं. तीनेक मिनिटांचा मोनो आवाज, त्यात डबल बास जवळजवळ बुडालेला. रेकॉर्डवर दारिएन्सो टणटणीत, थोडा पातळ लागतो. तोच ढंग समोर पाच बँडोनिऑन मांडून कुणी वाजवला की खालच्या सुरांचा धक्का लाकडी जमिनीतून तळपायाला कळतो. हे हेडफोन लावून घरी बसलेल्याला कितीही सांगितलं तरी पटत नाही.

दुसरं म्हणजे मधली साखळी तुटलेली होती. १९५५ मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथवली गेली, पाठोपाठ रॉक आलं, टीव्ही आला, आणि दहा-बारा वादकांचा संच पोसणं क्लबांना परवडेना. दारिएन्सो १९७६ पर्यंत जगला, पुग्लिएसे १९९५ पर्यंत, पण नाचाची गर्दी पांगली होती. १९८३ मध्ये अर्जेंटिनात लोकशाही परत आली, तरुण मंडळी पुन्हा टँगो नाचायला लागली, तेव्हा त्यांच्यासाठी वाजवणारे संच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. मग नाच चालला तो जुन्या रेकॉर्डवर. डीजे हा मिलोंगाचा मालक झाला. नव्या वादकांना नाचण्यासाठी नव्हे तर ऐकण्यासाठी टँगो लिहिणारा पियाझोला वाजवता येत होता, पण लोकांना नाचवायचं कसं हे त्यांना दाखवणारं कुणी शेजारी बसलेलं नव्हतं. अशा वेळी जुनं जसंच्या तसं वाजवून पाहण्यापलीकडे शिकायची वाट कोणती?

आणि ज्याला तुम्ही सरसकट नक्कल म्हणता, त्यात फरक आहेत. 'कलर टँगो' हा संच १९८९ मध्ये उभा राहिला तो रोबेर्तो आल्वारेसमुळे. हा गृहस्थ स्वतः पुग्लिएसेच्या वाद्यवृंदात बँडोनिऑन वाजवायचा. तो पुग्लिएसेच्या ढंगात वाजवतो तेव्हा त्याला वारसा म्हणायचं. 'ला हुआन दारिएन्सो'चा म्होरक्या फाकुंदो लाझारी हा कार्लोस लाझारीचा नातू, आणि कार्लोस लाझारी हा खुद्द दारिएन्सोचा बँडोनिऑनवादक आणि संगीत-संयोजक. याच्या उलट टोकाला 'ओर्केस्ता रोमांतिका मिलोंगेरा'. 'पोएमा' हा टँगो १९३५ मध्ये फ्रान्सिस्को कानारोनं रोबेर्तो माइदाच्या आवाजात रेकॉर्ड केला. या नव्या मंडळींनी तो बाईच्या आणि पुरुषाच्या आवाजात, आपल्या संथ लाडिक चालीनं घेतला. तो ऐकून कुणालाही १९३५ आठवत नाही, तरी नाचाची फरशी भरते. मला स्वतःला तो थोडा जास्तच गोड वाटतो, पण नाचायला उठते मीसुद्धा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची आहे. चाळीसच्या दशकातले सूट, केसांना तेल, आणि रोदोल्फो बियाजीनं १९३५ ते १९३८ या काळात दारिएन्सोकडे पियानोवर घेतलेली प्रत्येक जागा सुरासुरानं गिरवलेली, एवढंच ज्यांच्याकडे आहे त्यांचा कार्यक्रम दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकतो. बियाजी त्या जागा घ्यायचा कारण दोन ओळींच्या मध्ये एक पोकळी होती आणि ती त्याला सुचेल तशी भरायची होती. पाठ करून तीच भरली की ती पोकळी राहतच नाही.

प्रश्न : या संगीतात ढोल नाही, ड्रम नाही, साधी टाळसुद्धा नाही. मग ताल धरतं कोण?

सगळेच.

हे उत्तर चावट वाटेल, पण खरं आहे, आणि आजच्या संचांची कसोटी इथेच लागते. ड्रमवाला असला की बाकीचे थोडे सैल राहू शकतात. टँगोत तशी सोय नाही. डबल बास आणि पियानोचा डावा हात हे दोन खांब. त्यांच्यावर बँडोनिऑनची रांग, आणि वेळ पडली की व्हायोलिनवालेही धून सोडून ठोका द्यायला येतात. मात्रा चार. चारही सरळ ठोकायच्या, की पहिली-तिसरी जड करायची, की ठोका मधेच सरकवायचा, यावरून घराणं कळतं. दारिएन्सोकडे चारही मात्रा तुटक आणि धारदार. लोकांनी त्याला 'ठेक्याचा राजा' म्हटलं ते उगाच नाही. दि सार्ली त्याच चार मात्रांवर संथ चालतो, धून व्हायोलिनांकडे, आणि स्वतः पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर एखादा गडद सूर सोडून देतो. पुग्लिएसेनं १९४६ मध्ये रेकॉर्ड केलेल्या 'ला युंबा'त पहिली आणि तिसरी मात्रा घणासारखी पडते, आणि मधल्या दोन जमिनीखालून आल्यासारख्या येतात.

जवळून पाहायचं तर बँडोनिऑनवाल्याच्या पायाकडे पाहा. पेटीसारखंच हे भात्याचं आणि रीडचं वाद्य, पण पेटीत एक पट्टी एकच सूर देते. इथे तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा. अशी ७१ बटणं, दोन्ही हातांत वाटलेली, आणि त्यांची मांडणी पाहून कुणालाही रडू यावं. नाचाचं संगीत वाजवताना वादक शक्यतो भाता उघडतानाच वाजवतो, कारण ठोका तिथे धारदार निघतो. वाद्य मांडीवर असतं. ठोका जवळ आला की मांडी किंचित उचलली जाते, नेमक्या क्षणी खाली सुटते, भाता त्या धक्क्यानं एकदम उघडतो आणि हवा आत ओढली जाते. मग अंगठ्यानं हवेची झडप दाबून भाता गुपचूप मिटवायचा आणि पुन्हा उघडायचा. पाच जण एका रांगेत हे एकाच क्षणी करतात तेव्हा ड्रमची आठवण होत नाही.

आता 'आरास्त्रे'. ठोका मात्रेवर पडतो, पण त्याची सुरुवात मात्रेच्या थोडी आधी होते. डबल बासवाला गज तारेवर ओढत आणतो, आवाज फुगत जातो आणि मात्रेवर तुटतो. पियानोवाला खालच्या पट्ट्यांवरून घसरत येतो. नाचणाऱ्याला पाऊल टाकण्याआधी शरीराचं वजन सरकवावं लागतं. ते सरकवण्याची सूचना त्याला या ओढीतून मिळते. कागदावर याची खूण फार तर एका छोट्या रेघेनं होते. किती आधी, किती जोरानं, कुठे तोडायचं, हे शेजारी बसूनच शिकायचं.

आजचे संच फसतात ते नेमके इथे. सूर लागलेले असतात, वेगही बरोबर असतो, पण ओढ नसते. मग पाय मात्रेवर पोचतात तेव्हा मात्रा निघून गेलेली असते. दुसरं फसणं साउंड इंजिनिअरच्या हातून होतं. तो गायक आणि व्हायोलिन पुढे काढतो, डबल बास मागे टाकतो, आणि समोर बसून ऐकणाऱ्याला छान वाटतं. तिसरं म्हणजे गायक. जुन्या नाचाच्या रचनांमध्ये धून आधी वाद्यवृंद वाजवायचा, मिनिटभरानं गायक यायचा, आणि संचातलं एक वाद्य असल्यासारखा ठेक्यात गायचा. त्रोइलोकडचा फ्रान्सिस्को फिओरेन्तिनो ऐका म्हणजे कळेल. आज एखादा गायक मंचाच्या कडेला येऊन शेवटची ओळ ताणतो, टाळ्या घेतो, आणि खाली चाळीस जोडपी एका पायावर खोळंबलेली असतात.

जाता जाता वाद्याबद्दल. हे वाद्य मूळचं जर्मन. टँगोवाल्यांचं लाडकं 'डबल ए' बँडोनिऑन आल्फ्रेड आर्नोल्डच्या सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डच्या कारखान्यात बनायचं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते बनणं थांबलं. म्हणजे आजचा पंचविशीतला वादकही बहुधा आजोबांच्या वयाचं वाद्य वाजवत असतो. परदेशी पर्यटक ती उचलून नेऊ लागले तेव्हा अर्जेंटिनानं २००९ मध्ये जुनी बँडोनिऑनं देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून कायदा केला.

प्रश्न : टँगो म्हटलं की मला पियाझोलाच माहीत. मग हे वाद्यवृंद मिलोंगात पियाझोला का वाजवत नाहीत? त्याच्याबद्दल आकस आहे का?

एकेकाळी होता, आणि चांगलाच होता. टॅक्सीवाल्यांनी त्याला गाडीत घ्यायला नकार दिल्याचे किस्से सांगतात. आता तसं काही उरलेलं नाही. ज्या वादकांबद्दल आपण बोलतोय ते घरी पियाझोला आवडीनं वाजवतात.

पण तो नाचासाठी लिहितच नव्हता. गंमत अशी की त्याची उमेदवारी झाली ती नाचाच्याच वाद्यवृंदात. १९३९ मध्ये, अठराव्या वर्षी, तो त्रोइलोकडे बँडोनिऑन वाजवायला लागला, पुढे त्याच्यासाठी रचनाही बांधू लागला. त्रोइलो त्या घ्यायचा आणि खोडरबर घेऊन बसायचा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. खुद्द पियाझोलाच कुरकुर करत सांगायचा की लिहिलेल्यातले निम्म्याहून जास्त सूर उडवले जायचे. मला या गोष्टीत त्रोइलोची बाजू घ्यावीशी वाटते. त्याला कळत होतं की प्रत्येक कोपरा भरला तर खाली नाचणाऱ्यानं करायचं काय? नाचाच्या वाद्यवृंदाचं काम अर्धं खोडरबराचं असतं. पियाझोला १९४४ मध्ये बाहेर पडला, स्वतःचा संच काढला, पॅरिसला नादिया बुलान्जे या संगीत-शिक्षिकेकडे शिकला, १९५५ मध्ये त्यानं आठ जणांचा संच उभारला आणि नाचणाऱ्यांचा नाद कायमचा सोडला. थोर संगीतकार झाला. पण त्याच्या संगीतावर गर्दीच्या फरशीवर, मागच्या-पुढच्या जोडप्याला धक्का न लावता नाचून बघा, मग बोलू.

असाच प्रकार आजच्या 'फेर्नांदेस फिएरो'चा. २००१ पासूनचा हा संच. मांडणी अस्सल तिपिकाची, बँडोनिऑनची रांग, व्हायोलिनची रांग, सगळं काही. पण वाजवतात ते ऐकणाऱ्यांसाठी, आणि कानठळ्या बसवून. मला ते आवडतात. बूट मात्र पिशवीतच राहू देते.

प्रश्न : मी पाश्चात्त्य शास्त्रीय व्हायोलिन शिकतो, सहाव्या वर्षात आहे. टँगो वाजवायचा म्हणजे वेगळं काय शिकावं लागेल? नोटेशन सहज वाचता येतं.

नोटेशन वाचता येतं ही तुझी जमेची बाजू आणि अडचणही. वर आरास्त्रेबद्दल लिहिलंय ते आधी वाच.

तुझ्या वाद्यावरच्या काही खास गोष्टी सांगते. 'चिचार्रा' म्हणजे घोडीच्या पलीकडे, जिथे शास्त्रीय वादक सहसा गज नेत नाही, तिथे गुंडाळी असलेल्या तारेवर गज घासायचा. रातकिड्यासारखा किरकिर आवाज येतो आणि तो ठेक्यात वाजतो. 'तांबोर' म्हणजे डाव्या हाताचं नख तारेला टेकवून उजव्या हातानं ती तार छेडायची. छोट्या ढोलकीसारखा टप्प आवाज निघतो. 'लातिगो' म्हणजे चाबूक: वरच्या तारेवर बोट झपाट्यानं वर सरकवायचं. तुझ्या मास्तरांना हे सगळं वाह्यात वाटेल. त्यांच्यासमोर करू नकोस, पण घरी जरूर कर.

यापेक्षा अवघड आहे ते धून मागेपुढे ओढणं. ठेका हलत नाही आणि त्याच्यावर व्हायोलिन ओळ थोडी रेंगाळवतं, मग घाईनं गाठतं. शास्त्रीय रुबातोत सगळे मिळून रेंगाळतात; इथे खालचा कुणीही तुझ्यासाठी थांबणार नाही.

हे शिकवण्यासाठीच ब्युनोस आयर्समध्ये २००० साली 'ओर्केस्ता एस्कुएला' सुरू झाली. कल्पना इग्नासियो वार्चाउस्की या डबल बासवाल्याची. पहिला गुरू एमिलियो बाल्कार्से, वय ऐंशीच्या पुढे. हा पुग्लिएसेकडचा व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक. तरुण वादक घ्यायचे, त्यांना मधे बसवायचं आणि सुवर्णकाळातले जे जुने वादक हयात होते त्यांना बोलावून एकेका घराण्याचा ढंग वाजवून घ्यायचा, अशी पद्धत. आज नाचासाठी वाजवणाऱ्या संचांमध्ये तिथून बाहेर पडलेले वादक सापडतात. तुला तिथे जाणं जमेल न जमेल. तोवर दि सार्लीच्या १९५० नंतरच्या रेकॉर्ड घे आणि फक्त व्हायोलिनांसोबत वाजव. सोपं वाटेल. मग स्वतःचं रेकॉर्ड करून ऐक.

प्रश्न : प्रत्येक मिलोंगात असा वाद्यवृंद का ठेवत नाहीत?

पैसे. दहा वादकांमध्ये दाराशी जमलेली रक्कम वाटली की प्रत्येकाच्या हाती जेवणापुरतं येतं. डीजे एकटा लॅपटॉप घेऊन येतो आणि त्याच्याकडे अख्खा सुवर्णकाळ असतो. म्हणून आजचे बरेच संच सहा-सात जणांचे असतात, आणि रात्रीतला तासाभराचाच भाग त्यांचा असतो. मला विचाराल तर ते प्रमाण बरोबर आहे. तासाभरात चांगला संच जे करतो ते चार तास ताणलं तर वादकही थकतात आणि तोच एक ढंग ऐकून आम्हीही.

प्रश्न : परदेशात एका मिलोंगाला जायचा योग येणार आहे, तिथे वाद्यवृंदही असेल. शिष्टाचार काय पाळावेत? गाणं संपलं की टाळ्या वाजवायच्या का?

डीजे लावतो तेव्हा गाणी एकाच वाद्यवृंदाची, तीन-चारच्या गटात येतात. त्या गटाला तांदा म्हणतात. एका तांद्यात जोडीदार बदलत नाहीत. दोन तांद्यांच्या मध्ये भलतंच काहीतरी संगीत थोडा वेळ वाजतं, ते जागेवर परतण्यासाठी. वाद्यवृंद असला तरी तो साधारण हाच शिरस्ता पाळतो. नाचायचं निमंत्रण लांबून नजरेनं आणि मान किंचित हलवून द्यायचं असतं, टेबलापाशी जाऊन हात पुढे करायचा नाही. जोडपी घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. रांग सोडू नका, ओव्हरटेक करू नका. गाणं सुरू झाल्यावर लगेच नाचायला लागू नका, जुने लोक सुरुवातीचे काही सूर गप्पांत घालवतात.

टाळ्या? वाद्यवृंदाला जरूर. रेकॉर्डला टाळ्या वाजवणारेही भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. आणि संच पुग्लिएसे वाजवायला लागला तर मंचाजवळ उभं राहून नुसतं ऐकलं तरी चालतं. फरशीवर मधेच थांबून मात्र ऐकू नका, मागून येणाऱ्याची टाच तुमच्या पोटरीवर बसेल.

रात्रीच्या शेवटी 'ला कुम्पारसिता' वाजेल. १९१६ च्या सुमारास मॉन्टेव्हिडिओतल्या हेरार्दो मातोस रोद्रिगेस या विद्यार्थ्यानं बांधलेली ही धून जगभरच्या मिलोंगांत अखेरीला लावतात. ज्याच्याबरोबर शेवटचा नाच करायचा असेल त्याला त्याआधीच हेरून ठेवा. ती धून सुरू झाल्यावर शोधाशोध करणाऱ्यांना बहुतेक वेळा खुर्चीच मिळते.